एका चुलीची धाव

१२ नोव्हेंबर

धाकट्या,

गेल्या सोमवारी सकाळी मी तुझ्या स्कूटरचा डावा आरसा काढला. तुला विचारायला हवं होतं. पण ती स्कूटर परसात उभी राहून राहून आता कोंबड्यांची झाली आहे, आणि त्यांची काही हरकत दिसली नाही. आरशाचा दांडा मी छातीवरच्या पट्ट्याला तारेनं बांधला आणि कारखान्यात गेलो.

कारण सांगतो. आबा गेल्यापासून आपली धाव रिकामी आहे. धाव म्हणजे काय हे तुला सांगायला नको, पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली की सांगितलेलं बरं असं वाटतं. ती लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात शेजारी शेजारी आखलेल्या पट्ट्या, प्रत्येक घराची एक. एका टोकाला चाक. एकजण चाक फिरवून पीळ देतो आणि दुसरा कमरेला वाखाचे तंतू गुंडाळून, सूत सोडत, मागे मागे चालत शेडच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मागे चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. चाकावरचा माणूस हेच त्याचे डोळे. म्हणून तो नियम, आबांच्याही आधीपासूनचा, की धावेवरची दोघं एका चुलीची असावीत. आबा म्हणायचे, "ज्यानं तुझ्याबरोबर एका भांड्यातलं खाल्लं, तो तुला मागच्या मागे पडू देणार नाही."

तू गेलास तेव्हा तुझ्या जागी चाकावर आबा उभे राहिले. हात थरथरायला लागले तरी उभे राहिले. ते गेल्यावर मी शेडच्या कोपऱ्यात बसून इतरांचा वाख विंचरून देतो. काम वाईट नाही. मान खाली घालून करता येतं.

पण आता खाडीपलीकडचं बंदर मोठं झालं आहे. मोठी जहाजं लागतात, आणि त्यांना हाताच्या पिळाचा जाड दोर लागतो. गेल्या महिन्यात संस्थेचे चेअरमन मला शेडच्या दारातच भेटले. म्हणाले, "थोरले, गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं आहे आणि मी जोड्या शोधत फिरतोय. वर्षअखेरपर्यंत जोडी आणा, नाहीतर धाव दुसऱ्याला द्यावी लागेल. माझ्या हातात असतं तर बघितलं असतं."

"तुमच्याच हातात आहे," मी म्हणालो.

"तेच तर दुखणं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनीच तोड काढली. आपल्या चाकाला मोटर बसवून दिली. म्हणजे पीळ मोटर देणार, मागे मी चालणार, आणि मागचं आरशात बघणार. फाटकासमोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "थोरले, आरसा झाला, आता हॉर्न बसवा आणि लायसन काढा!" सगळे हसले. मीही हसलो असेन.

मोटर चांगली चालते. अक्षर वाईट आलं आहे ते पेन नवीन आहे म्हणून. तुझी वहिनी बरी आहे. तू कधी येतोस ते कळव. फोनवर तू "बोल" म्हणतोस आणि मला काही सुचत नाही, म्हणून पत्र.

दादा


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

पेन जुनंच आहे. हे मी डाव्या हातानं लिहितो आहे. तुझी वहिनी म्हणाली, "भावजींना खरं लिहा, नाहीतर मी फोन करीन." म्हणून लिहितो.

मागचं पत्र लिहिलं तेव्हाच झालं होतं. आरशात माणूस दिसतो, खांब दिसतो, पण गुडघ्याच्या खालचं दिसत नाही. कुणीतरी वाखाची हातगाडी धावेवर सोडली होती. मी दोराचा जाड पेड ओढत मागे येत होतो, गाडीला अडखळलो, आणि पडताना पेडाचा वेढा उजव्या मनगटाला बसला. चाकावर तू असतास, आबा असते, तर चाक तिथल्या तिथे थांबलं असतं. मोटर थांबली नाही. तिला काय कळणार? तिचं बटण शेडच्या दुसऱ्या टोकाला. मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. हात पिळत चालला आहे हे मी बघत होतो, जसं दुसऱ्याच्या हाताचं बघावं.

शेजारच्या धावेवर पाहुणा काम करत होता. इथे बाहेरून आलेल्या सगळ्यांनाच पाहुणे म्हणतात, कितीही वर्षं राहिले तरी. पण हा आणि त्याची बायको शेडमध्ये आलेली पहिली, म्हणून त्याचं नावच पाहुणा पडलं. त्यानं आपलं सूत टाकलं, कमरेची सुरी काढली आणि माझा पेड कापला.

चालता पेड कापला की काय होतं ते तुला माहीत आहे. सुटलेलं टोक चाबकासारखं आलं. त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत वळ उठला आहे. डोळा थोडक्यात वाचला.

माझ्या मनगटाला प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं बहुतेक मिटणार नाहीत. बाकीची मिटतील. मी देवाचे आभार मानले. मानताना आत काही हललं नाही, पण मानायचे म्हणून मानले.

अडचण दुसरीच आहे. चालत्या पेडाला सुरी लावेल त्याची धाव जाते, हा नियम तुलाही पाठ असेल. आबांच्या लहानपणी तसा पेड सुटून एका बाईचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासूनचा. पाहुण्याला हा नियम कामाला लागला त्याच दिवशी सांगितला होता. मीच सांगितला होता.

तुझी वहिनी विचारते, "आणि हात वाचवेल त्याचं काय होतं? त्याचा नियम नाही का कुणी केला?"

तसा नियम नाही.

तू इथली परिस्थिती बघितलेली नाहीस म्हणून सांगतो. तू गेलास त्याच्या आगेमागे गल्लीतली सगळीच पोरं गेली. जोड्या मोडल्या, धावा बंद पडल्या. मग बस बंद झाली, पावाची भट्टी विझली, शाळेत एकच मास्तर उरले आणि ते चारी वर्गांना एकच गोष्ट सांगायचे. आम्ही बाकीचे एकमेकांना "सुंभ जळला तरी पीळ जात नाही" असं सांगत बसायचो. पाहुणे आले ते त्यानंतर. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, माय-लेक, एका चुलीची माणसं. बंद धावांवर उभी राहिली. बस परत आली, भट्टी पेटली. सलूनवाल्यानं दुसरी खुर्ची घेतली. आता तोच म्हणतो की हे आले म्हणून आपली पोरं गेली. मी त्याला कधी उलटं बोललो नाही. बोलून काय होणार? आधी काय झालं आणि नंतर काय, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

दादा


८ डिसेंबर

धाकट्या,

काल संस्थेची सभा झाली. शेडमध्येच, वाखाच्या गठ्ठ्यांवर बसून. पाहुणा आणि त्याची बायको उभी होती. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि ती आपणहून बसली नाहीत.

चेअरमननी नियम वाचला. सलूनवाल्याची शेडमध्ये धाव नाही, पण सभेला तो असतोच. तो म्हणाला, "आज दोर कापला, उद्या गळे कापतील."

मोठी काकू अजून आहे. दात गेले, जीभ शाबूत आहे. ती म्हणाली, "गळा तर तू रोज त्यांचा धरतोस की रे, वस्तरा घेऊन. तुझ्या त्या दुसऱ्या खुर्चीत कोण बसतं? भूत?"

बराच वेळ हशा चालला. पाहुण्याची बायकोही हसली, मग नवऱ्याकडे बघून थांबली.

चेअरमननी पाहुण्याला विचारलं, नियम माहीत होता का. तो म्हणाला, "माहीत होता. भाऊंनी सांगितला होता." तो मला भाऊ म्हणतो. मग थांबून म्हणाला, "तिकडे हात होता, इकडे दोर होता. मला एकच बघता आला."

चेअरमन माझ्याकडे वळले. "थोरले, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी उभा राहिलो. प्लास्टरमधला हात सगळ्यांना दिसत होता. मी म्हणालो, "नियम बरोबर आहे."

हे खरंच आहे. नियम बरोबरच आहे. त्या बाईचे डोळे खोटे नव्हते. पण मी उभा राहिलो होतो ते एवढंच सांगायला नव्हे, असं बसल्यावर वाटलं. तोवर चेअरमननी पुढचा विषय घेतला होता.

निर्णय असा की वर्षअखेरीला पाहुण्याची धाव जाईल. त्याला हातातलं काम पुरं करायला मुभा आहे. त्याच दिवशी आपली धावही जाईल, कारण मोटर काढली आहे आणि माझ्याकडे जोडी नाही. दोन शेजारच्या धावा एकदम रिकाम्या. धाव नसेल तर ती दोघं इथे थांबून काय करणार? मोठी काकू म्हणते, हे गेले की यांच्या मागोमाग भट्टीवाली माणसं जातील, मग त्यांच्या मागोमाग आणखी कुणी. "गाठ एक सुटली की पोतं सांडतं," ती म्हणाली.

घरी आलो. तुझ्या वहिनीला सभेतलं आधीच कळलं होतं. तिनं जेवणाचं ताट जरा जोरात ठेवलं, इतकंच. मग स्वतःचं ताट घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही उजव्या हातानं जेवाल का कधी?"

"बहुतेक जेवेन," मी म्हणालो.

"मग कुणामुळे ते लक्षात ठेवून जेवा."

धाकट्या, तू ये. मी हे आजवर कधी स्पष्ट लिहिलं नाही. तू दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणतोस आणि मी तुझी चाकावरची जागा धरून ठेवतो. तू आलास तर आपली एक धाव तरी राहील. तू चाकावर, मी मागे. आपल्याला एकमेकांशी बोलावंसुद्धा लागणार नाही. आबांच्या वेळी तू का आला नाहीस हे मी विचारणार नाही. वर्षअखेरीच्या आत ये.

दादा


१९ डिसेंबर

धाकट्या,

तुझा निरोप तुझ्या वहिनीच्या फोनवर आला. मी परसात कोंबड्यांना दाणे टाकत होतो. ती फोन हातात धरून बाहेर आली आणि तिथेच लावला.

तू म्हणालास, यंदा जमत नाही. पुढच्या वर्षी नक्की. म्हणालास, "धाव आपली आहे, दादा. चेअरमनशी बोल, वेळ मागून घे. आणि काही झालं तरी चाकाला परक्याचा हात लागता कामा नये. माझ्या खोलीचं कुलूपही तसंच ठेव." मग तू घसा खाकरलास, आणि पुढे काही बोलणार होतास. तेवढ्यात तुझ्या मागून कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज होता. ताटं मांडल्याचाही आवाज आला. तू त्या भाषेत उत्तर दिलंस. थांबून, शब्द शोधून नव्हे, सहज, जसा तू इथे आईला ओ द्यायचास. आणि निरोप संपला.

ती भाषा मला येत नाही. पण जेवायला मारलेली हाक कुठल्याही भाषेतली कळते.

तुझ्या वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी दाणे टाकत राहिलो. राग आला नाही. बरं वाटलं असंही म्हणता येणार नाही. कोंबड्या भांडत होत्या, त्या भांडत राहिल्या. मग मी तिला म्हणालो, "पुन्हा लाव." तिनं लावला. मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तिनं फोन माझ्या डाव्या हातात दिला आणि आत गेली.

संध्याकाळी भांडी विसळताना ती म्हणाली, "भावजींना तिकडे काय म्हणत असतील हो? पाहुणाच म्हणत असतील ना?"

मी म्हणालो, "हाक तर घरच्यासारखी होती."

"मग चांगलं आहे की," ती म्हणाली. पण तिचा हात थांबला होता.

तू कधी सांगितलं नाहीस. सांगायला हवं होतं असं नाही. आमच्याकडून तक्रार नाही. मी एवढंच विचार करत बसलो की तू तिथे जो काही मागे मागे चालत असशील, तिथे तुझ्या मागचं कुणीतरी बघतं. तो माणूस आधी तुझा कुणी नव्हता. त्यानं कधीतरी तुला ताटावर बसवलं असेल, तेव्हा झाला. शेजारपाजाऱ्यांनी त्यालाही काही सुनावलं असेल. त्याचाही एखादा भाऊ लांब असेल. मी त्या माणसासाठी देवाला दोन शब्द सांगितले. नाव माहीत नव्हतं, पण देवाला नाव लागत नाही.

दादा


२ जानेवारी

धाकट्या,

आता झालेलं सांगतो. विचारत नाही, कळवतो.

निरोप ऐकला त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं भट्टीच्या मागच्या खोलीवर गेलो. पाहुण्यानं सामान बांधायला घेतलं होतं. बोचकी भिंतीशी रांगेत, सगळी त्यानंच वळलेल्या दोरानं बांधलेली. गाठ बघून मला आबांची आठवण झाली, म्हणजे गाठ तशीच होती, बाकी काही नाही. खोलीत बसायला जागा नव्हती. त्याच्या बायकोनं एक बोचकं पुढे सरकवलं आणि त्यावर आम्हाला बसवलं.

मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. पण तुझी वहिनीच बोलली. "आमच्याकडे मीठ कमी असतं. यांना डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला चालेल का?"

पाहुण्याला कळलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, जेवायला बोलावता?"

"जेवायला आणि राहायला," मी म्हणालो. "इथे एकाशिवाय दुसरं चालत नाही. तुझी धाव गेली. माझी अजून जायची आहे. चाकावर माणूस हवा."

त्यानं हातातलं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तिथे तुमचा भाऊ आहे ना?"

"त्याला तिकडे चाक मिळालं आहे," मी म्हणालो.

त्याची बायको त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी म्हणाली. त्यानं विचारलं, "ही विचारते, मीठ वरून घेतलं तर चालेल का?"

तुझी वहिनी हसली. मी तिला खूप दिवसांनी हसताना बघितलं.

मग तुझी खोली. कुलूप मी तोडलं. चावी तुझ्याकडे आहे. मागितली असती तर तू नाही म्हणाला असतास, आणि त्यानंतर तोडलं असतं तर ते भांडण झालं असतं. न मागता तोडलं, तेव्हा नुसतं कुलूप तुटलं. आत तुझ्या गादीत उंदरांनी घर केलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर तू गेलास त्याच महिन्यावर होतं. तुझे बूट, ती निळी पेटी आणि शाळेतलं बक्षीस एका ट्रंकेत घालून ट्रंक माझ्या खाटेखाली ठेवली आहे. कॅलेंडर जाळलं. ते ठेवण्यासारखं नव्हतं.

चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, "पेड कापला त्याची धाव जाते. ती गेली. त्यानं दुसऱ्याच्या धावेवर उभं राहू नये असं कुठे म्हटलेलं नाही. पण चूल एक आहे की नाही ते मला बघावं लागेल." आणि खरंच जेवणाच्या वेळी आले. झाकण काढून भांड्यात डोकावले. तुझ्या वहिनीनं त्यांच्यापुढेही ताट ठेवलं. बघायला आलेले चेअरमन दोनदा वाढून घेऊन गेले. जाताना दारात म्हणाले, "मीठ कमी आहे."

सलूनवाला माझ्याशी बोलत नाही. दाढी मात्र करतो.

पाहुण्याची बायको आणि तुझी वहिनी आता वाख विंचरायला बसतात, माझ्या जुन्या कोपऱ्यात. एकीचं बोलणं दुसरीला निम्मं कळतं. उरलेलं निम्मं दोघी हातवारे करून सांगतात आणि त्यात चुका होतात, त्यावरून पुन्हा बोलतात. घरात आवाज असतो. मला अजून त्याची सवय नाही.

तू आलास तर घरात जागा आहे. त्या बाईला घेऊन आलास तर तिलाही आहे, माझी खोली तुम्हाला देऊ. ताटाला ताट लागेल. चाकावर जागा नाही. ती मी दिली. चिडून दिली नाही, आणि तू समजशील तसा हरूनही दिली नाही. तुला तिकडे कुणी दिली, तशीच मी इथे दिली.

आरसा मी स्कूटरला परत लावला आहे.

आज सकाळी पहिलं सूत. प्लास्टर निघालं आहे, दोन बोटं डॉक्टर म्हणाले तशीच ताठ आहेत. सूत डाव्या हातानं सोडावं लागतं. शेडमध्ये सगळे आपापल्या चाकाशी होते आणि कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. पाहुण्यानं चाकाच्या दांड्याला हात लावण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कमरेला वाख गुंडाळला, सुताचं टोक आकड्याला अडकवलं, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं पाऊल मागे टाकलं.

"या," तो म्हणाला. "या भाऊ. या. जरा डावीकडे. या."

त्याच्या गालावरचा वळ आता पांढरा पडला आहे. त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, आणि मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. ती हातगाडी जिथे होती ती जागा मला पायांनी कळली. मान वळायला लागली होती.

मी वळवली नाही. मागे चालत राहिलो.

दादा